वादळ समुद्रात, माड घरावर

तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावर चढलेच नाही. १६ मे २०२१ च्या रविवारी त्याचे केंद्र आपल्या पश्चिमेला, शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात होते. तिथून ते उत्तरेला सरकत गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातेत ऊना-दीवच्या पट्ट्यात जमिनीला लागले. तरीही गोव्यात दोन माणसे गेली. एकीचा जीव माड अंगावर पडून गेला, दुसऱ्याचा विजेचा खांब पडून. शेकडो झाडे आडवी झाली, घरांची छपरे गेली आणि सगळे राज्य काळोखात बुडाले. काही वाड्यांवर वीज यायला कित्येक दिवस लागले. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती, घरोघरी ऑक्सिजनवर माणसे होती, आणि अशा वेळी वीज गेली.

गोव्यातल्या वादळाचा स्वभाव यावरून ध्यानात यावा. आपल्याकडे समुद्र गावात शिरून फार माणसे मरत नाहीत. आपल्याला मारतात ते माड, तारा आणि उडालेले पत्रे. या तिन्हींची कामे वादळाची बातमी आल्यावर होत नाहीत. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये करायची असतात. बातमी आल्यानंतरचे दोन दिवस फक्त आवराआवरीचे.

अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम आहेत. एक मे-जूनचा, पावसाच्या तोंडावर. दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले, ओखी डिसेंबर २०१७ मध्ये, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये, निसर्ग जून २०२० मध्ये. मेचे वादळ आपल्याला जास्त झोंबते, कारण ते नेमके शाकारणीच्या दिवसांत येते. अर्धी कौले खाली उतरवलेली, आढे उघडे, लाकूड अंगणात रचलेले, पुरुमेंताचे म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे सामान, सोलां (आमसुले), मिरच्या उन्हात पसरलेल्या. म्हणून शाकारणी एप्रिलमध्येच संपवावी. मेच्या मध्यात छप्पर उघडून ठेवणे आता परवडत नाही.

वारा कुठून येतो

हे फार कमी लोक लक्षात घेतात. आपल्या पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येचा. घराच्या झड्या, गोठ्याचा कूड, माडांच्या मुळांची पकड, सगळे त्या बाजूच्या सवयीचे. वादळाचा वारा मात्र केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ आपल्या नैर्ऋत्येला असते तेव्हा गोव्यात वारा पूर्व-आग्नेयेकडून, म्हणजे डोंगराच्या अंगाने येतो. ते पश्चिमेला आले की दक्षिणेकडून आणि पुढे सरकले की नैर्ऋत्येकडून. पहिला तडाखा घराच्या ज्या बाजूला बसतो ती वर्षभर कोणी तपासलेली नसते. मागीलदारची पडवी आधी उडते ती याच कारणाने.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि मग नैर्ऋत्येकडे फिरत गेला तर वादळ समुद्रातून वर चालले आहे. तो ईशान्येकडून उत्तरेकडे आणि मग वायव्येकडे फिरू लागला तर केंद्र आपल्या दक्षिणेला जमिनीवर चढते आहे. वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नये. केंद्र डोक्यावर आले असेल तर थोड्या वेळाने उलट दिशेने तेवढाच वारा येतो.

हवामान खाते ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे ‘चक्रीवादळ’ म्हणते, ८९ च्या पुढे ‘तीव्र’, ११८ च्या पुढे ‘अतितीव्र’. हे आकडे सलग वाऱ्याचे असतात. झोत त्याहून जोराचे असतात आणि छप्पर उडते ते झोताने.

कौले आणि पत्रे

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला दर चौरस मीटरवर सुमारे १७ किलो, ८० ला ३०, १०० ला ४७, आणि १२० ला ६८ किलो. आता कौलांचे वजन पाहा. मंगळूरी कौल अडीच ते तीन किलोचे, चौरस मीटरला साधारण १५ कौले, म्हणजे ४० किलोच्या आसपास. वारा छपरावरून जाताना कौलांना वर खेचतो. ताशी १०० च्या झोतात ही ओढ कौलांच्या वजनाइतकी होते आणि कडांना, कोपऱ्यांना त्याहूनही जास्त. मधली कौले टिकतात, कारण सांध्यांतून हवा वरखाली होते आणि दाब थोडा सारखा होतो. जातात ती वळचणीच्या दोन ओळींची, त्रिकोणी भिंतीवरच्या कडेची आणि आढ्यावरची कोन्याची.

त्यामुळे सगळे छप्पर बांधायची गरज नाही. वळचणीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांच्या दोन-दोन रांगा रिपेला तारेने बांधाव्यात. मंगळूरी कौलाच्या खालच्या अंगाला भोक असलेला कान असतो, तो याचसाठी. गॅल्व्हनाइज्ड तार वापरावी, जमले तर तांब्याची. साधी बांधकामाची तार खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून तुटते. कोन्याची कौले चुन्या-सिमेंटात बसवलेली असतात आणि त्या सांध्याला तडा गेला की पाणी आणि वारा दोन्ही आत शिरतात. शाकारणीच्या वेळी प्रत्येक कोना हाताने हलवून पाहावा. हलला तर काढून पुन्हा बसवावा. वरून सिमेंट फासून उपयोग नाही.

गळती थांबवायला कौलांवरून ताडपत्री घालण्याची सवय धोक्याची आहे. ताडपत्रीने हवेची वाट बंद होते, सगळी ओढ तिच्यावर येते, आणि ती जाताना रिपा-कौलांसकट जाते. प्लास्टिक घालायचेच तर कौलांच्या खाली, रिपांवर घालावे.

वाऱ्याच्या तोंडाचे दार उघडे राहिले की घर फुग्यासारखे भरते आणि छपराला आतूनही धक्का बसतो. कडी कमकुवत असेल तर आतून आडणा घालावा.

गच्चीवरच्या पावसाळी शेडबद्दल मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. गेल्या वीस वर्षांत गोव्यातल्या जवळपास प्रत्येक स्लॅबवर पत्र्याची शेड उभी राहिली आहे आणि तिची गणना कोणी केलेली नसते. चार बाय पाच मीटरची शेड घ्या. पत्रा आणि पाइप मिळून वजन दोनशे-अडीचशे किलो. ताशी १०० च्या झोतात तिला वर उचलणारी ओढ सुमारे ९४० किलो. बाजू उघड्या असतील तर खालून येणारा वाराही तिला उचलतो. खांब स्लॅबला धरून ठेवतील तेवढीच ती राहते. बहुतेक ठिकाणी पाइप चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या छोट्या चौथऱ्यात नुसता रोवलेला असतो. असा खांब चौथऱ्यासकट उपटतो आणि सगळा सांगाडा शेजाऱ्याच्या छपरावर किंवा तारांवर जाऊन पडतो. खांबाच्या पायाला किमान सहा मिलिमीटर जाडीची प्लेट आणि स्लॅबमध्ये चार अँकर बोल्ट हवेत. जुन्या चिरेबंदी घराच्या कठड्यात बोल्ट मारू नयेत. चिरा ठिसूळ असतो, ओढ बसली की फुटतो.

पत्र्याचे स्क्रू कडेच्या ओळीत प्रत्येक नाळीला हवेत, मधे एकाआड एक चालतात. रबरी वॉशर उन्हाने फाटला की तिथून गंज धरतो आणि पत्र्याचे भोक मोठे होते. मग स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा त्यातून निसटतो. दर तीन-चार वर्षांनी वॉशर बदलणे हे अगदी स्वस्तातले काम आहे.

पाण्याची रिकामी प्लास्टिकची टाकी वाऱ्याने लोळते. भरलेली हजार लिटरची टाकी एक टनाची, ती हलत नाही. वादळाआधी टाकी भरून ठेवायची ती एवढ्यासाठीही.

माड आणि बाकीची झाडे

माडाला सोटमूळ नसते. बुंध्यापासून हजारो दोरीसारखी मुळे सगळ्या बाजूंना जातात आणि ती सारखी असतील तर माड वाऱ्यात वाकून पुन्हा उभा राहतो. गडगा बांधताना किंवा गटार खणताना एका बाजूची मुळे तोडली की त्याच्या विरुद्ध बाजूला तो पडतो. जन्मापासून वाकडा वाढलेला, खाडीवर झुकलेला माड धोक्याचा नसतो. सरळ वाढलेला आणि अलीकडे कललेला माड धोक्याचा. त्याच्या बुंध्याशी माती उचललेली किंवा चीर पडलेली दिसते. खोडातून तांबूस-काळपट रस गळत असेल, भोकांतून चावलेला भुसा येत असेल, बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर तो माड घरापासून त्याच्या उंचीइतक्या अंतरात नको.

मेपूर्वी पाडेल्याकडून, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून, नारळ आणि सुकलेल्या झावळ्या सगळे उतरवून घ्यावे. एक नारळ किलो-दीड किलोचा असतो आणि वाऱ्यात तो सरळ खाली पडत नाही. मात्र हिरव्या झावळ्या छाटून माडाची नुसती सुई, म्हणजे शेंड्याची न उमललेली कोवळी झावळी, शिल्लक ठेवू नये. पाडेली हल्ली मिळणे अवघड झाले आहे, म्हणून मालक एकदाच सगळे ‘साफ’ करून घेतात. असा माड दोन वर्षे धड पीक देत नाही. खोडावर चढायला खाचा मारणेही टाळावे. त्याच जखमांतून सोंड्या भुंगा आत शिरतो.

बाकीच्या झाडांत सगळ्यांत घातक आहेत रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, गुलमोहोर आणि अकेशिया. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) थर वर असल्याने मुळे खोल जात नाहीत, उथळ पसरतात. त्यात जलवाहिनीसाठी, केबलसाठी, रुंदीकरणासाठी एका बाजूने चर खणले जातात आणि डांबर बुंध्यापर्यंत येते. अशी झाडे मुळासकट उलथतात. आंबा-फणस सहसा उलथत नाहीत, त्यांच्या फांद्या मोडतात.

छाटणी म्हणजे शेंडा उडवणे नव्हे. शेंडा उडवला की त्या जागी दहा कोंब फुटतात, ते सालीलाच चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच मोडून पडतात. आतली गर्दी विरळ करावी, घराकडे लांबलेली फांदी तिच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्यापाशी कापावी. मोठी फांदी तीन कापांत काढावी. आधी खालून थोडा काप, मग त्याच्या पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याशी. एकाच कापात काढली तर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलून नेते.

उभे झाड तोडायचे तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. झाड शेजाऱ्याचे असेल आणि आपल्या घराला धोका असेल तर पंचायतीकडे आणि उपजिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ यासाठी होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. अर्जासोबत फोटो, बुंध्यापासून घरापर्यंतचे अंतर आणि झाडाची अंदाजे उंची द्यावी. पाहणी, नोटीस, सुनावणी यात आठवडे जातात, म्हणून अर्ज फेब्रुवारीत करावा.

पडलेले झाड कापताना

वादळात वाचलेली माणसे दुसऱ्या दिवशी झाड कापताना जखमी होतात. पडलेल्या खोडात ताण साठलेला असतो. दोन्ही टोकांना टेकून मधे लोंबणाऱ्या ओंडक्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून सरळ कापले तर करवत अडकते. आधी वरून एक तृतीयांश, मग खालून. एका टोकाला टेकलेला आणि दुसरे टोक हवेत असेल तर याच्या उलट. आधी खालून थोडे, मग वरून. कापताना दाबलेल्या बाजूला उभे राहावे. ताण सुटून फांदी उसळली तर ती ताणलेल्या बाजूकडे जाते.

मुळासकट उलथलेल्या झाडाशी फार जपून वागावे. खोड कापले की वजन सुटते आणि मुळांचा मातीसकट गड्डा झटकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कोणी उभे असेल तर तो वाचत नाही. मुलांना तिथे फिरकू देऊ नये. आणि झाड तारांवर असेल तर कोयत्याला हातही लावू नये. अग्निशामक दलाला १०१ वर, वीज खात्याला १९१२ वर कळवावे आणि थांबावे.

वीज

जमिनीवर पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असे धरूनच चालायचे. दिवे गेले म्हणजे तारेत वीज नाही असे होत नाही. पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब राहावे, ओल्या जमिनीवर त्याहूनही लांब. आपण चुकून जवळ पोचलोच तर पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून, घासत मागे यावे. दोन पावलांमधल्या जमिनीतल्या व्होल्टेजच्या फरकाने माणूस मरतो, गुरे तर त्याहून लवकर, कारण त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असते. तारेचे कुंपण किंवा कपडे वाळत घालायची तार पडलेल्या वाहिनीला टेकली असेल तर ती शंभर मीटर लांबपर्यंत विजेची होते.

घराचा मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतची तार चालूच राहते. तिच्यावर पडलेली फांदी ओढू नये.

जनरेटर भाड्याने आणून, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर प्लगमध्ये खुपसून सगळ्या घराला वीज देणारे लोक आहेत. हे थांबवायलाच हवे. घरातली वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मर तिला उलट दिशेने ११ हजार व्होल्टपर्यंत चढवतो, आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला लाइनमन त्यात सापडतो. जनरेटर वापरायचा तर चेंजओव्हर स्विच हवा, म्हणजे घर एका वेळी जनरेटरला किंवा लाइनला, एकालाच जोडणारा, नाहीतर उपकरणे जनरेटरलाच थेट एक्स्टेन्शनने जोडावीत. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून दूर ठेवावा. बंद पडवीत चालवला तर त्याच्या धुराने झोपेतच माणसे जातात.

वीज परत येते तेव्हाचा एक धोका वेगळा. झाडांनी न्यूट्रल (विजेच्या परतीची) तार तुटलेली असते, दुरुस्तीत ती राहून जाते, आणि २३० च्या जागी घरात ३००-४०० व्होल्ट येतात. तौक्तेसारख्या वादळानंतर फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर जळतात ते यामुळेही. वीज गेली की सगळे प्लग काढून ठेवावेत, आल्यावर आधी मल्टिमीटरने प्लगमधले व्होल्टेज पाहावे. २५० च्या वर किंवा सतत वरखाली होत असेल तर मेन बंद करून १९१२ ला सांगावे. मल्टिमीटर नसेल तर जुना पिवळा बल्ब लावून पाहावा. नेहमीपेक्षा पांढरा आणि झगझगीत पेटला तर लगेच बंद. एलईडी दिव्यावरून काही कळत नाही, तो कमी-जास्त व्होल्टेजला सारखाच पेटतो.

इन्व्हर्टरचा हिशेब आधी करून ठेवावा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर कामाची हजारेक वॅट-अवर वीज देते. तीन एलईडी दिवे, एक साधा पंखा आणि राउटर मिळून शंभर-सव्वाशे वॅट, म्हणजे आठ-दहा तास. वीज चार दिवस नसेल तर पंखा फक्त रात्री लावावा. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर गणित फार वाईट होते. पाच लिटरचे यंत्र साडेतीनशे वॅट खाते, तीच बॅटरी तीन तासही पुरत नाही. अशा घराने वादळाआधीच सिलिंडर आणून ठेवावा किंवा रुग्णाला हलवावे. वादळ सुरू झाल्यावर रस्ते झाडांनी बंद होतात, १०८ ची गाडीही पोचत नाही.

पाणी आणि विहीर

ओपा, अस्नोडा येथील पाणीपुरवठा प्रकल्पांना वीज नसली की नळ बंद होतात. पिण्याचे पाणी माणशी रोज तीन लिटर धरून चार दिवसांचे भरून ठेवावे. विहीर असेल तर राट (रहाट) आणि दोर जागेवर आहे का ते पाहावे. पंप आल्यापासून अनेक विहिरींचे राट निघाले आहेत आणि वीज गेली की पाणी आठ मीटर खाली दिसते, पण हाती लागत नाही.

वादळानंतर विहिरीत झावळ्या, पाला, मेलेली जनावरे, सेप्टिक टाकीचे पाणी असे काहीही गेलेले असते. आधी कचरा काढावा, गढूळ असेल तर पाणी उपसून टाकावे. मग ब्लीचिंग पावडर. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणावे, लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे २१,२०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या मात्रेने ५३ ग्रॅम, पाणी दूषित झाले असेल तर दुप्पट. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करावी, दहा मिनिटे निवळू द्यावी, आणि वरचे पाणीच विहिरीत सोडावे. तळाचा चुना टाकला तर पाणी जड होते. भरलेली बादली दोराने पाण्यात सोडून वरखाली हलवावी म्हणजे औषध खोलवर मिसळते. हे रात्री केले तर सकाळपर्यंत पाणी वापरता येते. उघड्या पुडीतली जुनी पावडर निकामी असते. डबा उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास आला नाही तर ती फेकावी. पिण्याचे पाणी तरीही उकळावे.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत खारे पाणी शिरले असेल तर जोरात उपसू नये. भसाभस पंप लावला तर खालचे खारे पाणी आणखी वर येते. थोडे-थोडे काढावे आणि पावसाची वाट पाहावी.

होड्या आणि खाजने

मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, म्हणून मेच्या शेवटच्या पंधरवड्यात शेवटच्या फेऱ्या मारायची घाई असते. वादळ दूर असले तरी लाटा आधी येतात. ओखी दूरवरून गेले तरी त्या उधाणाने गोव्यातल्या किनाऱ्यांवरच्या शॅक्समध्ये पाणी आणले होते. हैदराबादची इन्कॉइस संस्था लाटांचा इशारा वेगळा देते, तो वाऱ्याच्या इशाऱ्याइतकाच महत्त्वाचा मानावा. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचे इंजिन काढून घरी न्यावे, होडीत वाळूच्या गोणी टाकाव्यात आणि ती भरतीच्या रेषेच्या बरीच वर बांधावी. नदीत नांगरलेल्या ट्रॉलरचे दोर आखूड बांधू नयेत. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होते, त्यात वादळाची वाढ येते आणि ताठ दोर क्लीटसकट, म्हणजे तो बांधलेल्या खुंटीसकट, उपटतो.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला भगदाड पडून खारे पाणी शेतात आले तर मेमध्ये शेत रिकामे असते, एवढेच बरे. भगदाड ओहोटीत बुजवावे, आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, बाहेर सोडावे. ओहोटीला मानस उघडी, भरतीला बंद. मीठ धुऊन जाण्याआधी नांगरू नये, कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भातही अशा जमिनीत उगवून पिवळे पडते.

पंचनामा

साफसफाईआधी फोटो काढावेत, तारीख दिसेल असे, घराचा पूर्ण भाग आणि मग नुकसान जवळून. फुटलेली कौले मोजून एका कोपऱ्यात रचून ठेवावीत, फेकू नयेत. तलाठी येईपर्यंत गळती थांबवायला हरकत नाही. मामलेदार कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. घरपट्टीची पावती, आधार, बँक पासबुक, आणि शेताचे असेल तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा लागतो. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घराची जमीन भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावर असते. अशा वेळी घरपट्टीची पावती आणि मुंडकार दाखला पुढे करावा, नुकसान घराचे आहे.

मदतीच्या रकमांबद्दल खोटी आशा नको. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत पक्क्या घराचे किमान १५ टक्के नुकसान झाले तर ६,५०० रुपये, पूर्ण घर गेले तर १ लाख २० हजार. बागायतीला ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर हेक्टरी २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. साडेसात मीटर अंतराने लावलेल्या माडांचा हिशेब केला तर हेक्टरी १७५ च्या आसपास माड बसतात, म्हणजे एका माडाला १३० रुपयेसुद्धा पडत नाहीत. नवा माड धरायला सहा-सात वर्षे जातात. ही रक्कम फार तोकडी आहे, आणि बागायतदारांनी ती बदलून मागायला हवी. राज्याच्या कृषी खात्याची शेतकरी आधार निधी योजना वेगळी आहे, तिचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात स्वतंत्र करावा लागतो. घराचा विमा असेल तर भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ धरलेले असते. गाडीवर झाड पडले तर फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्याला काही मिळत नाही.

बागेतली पुढची कामे

उलथलेली लहान कलमे तीन-चार दिवसांत सरळ करता येतात. तुटलेली मुळे धारदार कोयत्याने साफ कापावीत, फांद्यांचा एक तृतीयांश भाग कमी करावा, झाड हळू उभे करून तीन बाजूंनी आधार द्यावा, माती दाबून बसवावी. मोठे आंबे सरळ करण्याच्या नादी लागू नये, ते पुढच्या वाऱ्यात पुन्हा पडतात.

जखमांवर दहा टक्के बोर्डो मलम लावावे. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. लोखंडी भांडे नको. चाकूचे पाते बुडवून पाहावे, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे.

पडलेल्या माडांचे ओंडके जूनच्या मध्यापर्यंत भाटातून (माडांच्या बागेतून) बाहेर काढावेत किंवा चिरून वाळवावेत. कुजू लागलेल्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, शेणाच्या ढिगातही घालतो, आणि उभे राहिलेले माड त्याला बळी पडतात. लहान माडांच्या वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत मिळून चार डांबरगोळ्या टाकून वर बारीक वाळू घालावी, दर ४५ दिवसांनी.

वादळात पिळवटलेल्या माडाची इजा लगेच दिसत नाही. पावसाळ्यात सुई पिवळी पडते, ओढली की हातात येते आणि घाण वास सुटतो. तो कोंबकुजीचा रोग असतो. कुजलेला भाग काढून बोर्डो मलम भरावे आणि नवी सुई येईपर्यंत वरून मडके किंवा प्लास्टिक झाकावे. ऑक्टोबरात पाडेली वर चढेल तेव्हा त्याला नारळांबरोबर प्रत्येक माडाची सुई बघायला सांगा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि मेलेल्या सुईचे माड दिवाळीपूर्वी उतरवून घ्या. वादळांचा दुसरा हंगाम तोवर सुरू झालेला असतो.